ल्विवचे दोन विद्यार्थी आणि मानवी हक्कांचे शास्त्र



मानवी हक्क हा आज विद्यापीठांतून शिकविला जाणारा विषय झाला आहे. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे रने कासँ यांनी १९६९ साली या विषयाची एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली. पुढे आपल्या देशातही अनेक विद्यापीठांत या विषयाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने राष्ट्रीय आयोगाला जी कामे नेमून दिली आहेत, त्यांत या हक्कांची साक्षरता समाजात पसरविणे हेही एक काम आहे.

परंतु व्यवहारी माणसाच्या मनात येथे एक शंका येते. हक्क हे मागून, झगडून मिळवायचे असतात. त्यांचा अभ्यास तो काय करायचा? १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी लोकांनी ओंजळीत घेतले ते काही प्रबंध लिहून नव्हे. शंका रास्त आहे. मात्र त्या लोकांच्या अग्रभागी जो पुरुष होता, त्याने न्यूयॉर्क आणि लंडन येथील ग्रंथालयांत वर्षानुवर्षे बसून अभ्यास केला होता, हेही विसरून चालणार नाही. अभ्यासाचा आणि हक्कांचा नेमका संबंध काय, याचे उत्तर तर्कापेक्षा इतिहासातून शोधणे बरे. म्हणून आज आपल्याला जरा दूरच्या एका गावी जायचे आहे.

त्या गावाचे नाव ल्विव. आज ते युक्रेनमध्ये आहे. १९१८ पर्यंत ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते आणि तेव्हा त्याला लेम्बर्ग म्हणत. पुढे ते पोलंडकडे गेले. १९३९ मध्ये रशियनांनी, १९४१ मध्ये जर्मनांनी आणि १९४४ मध्ये पुन्हा रशियनांनी ते घेतले. पोलिश, युक्रेनियन आणि ज्यू असे तीन समाज त्या शहरात शेजारी शेजारी राहत. राज्य बदलले की कालचा नागरिक आज परका ठरे. अशा गावात कायदा शिकणाऱ्या मुलाला ‘हक्क कोणाचा आणि कोणाविरुद्ध’ हा प्रश्न पुस्तकात शोधावा लागत नाही.

येथील विद्यापीठाच्या विधिशाखेत थोड्या वर्षांच्या अंतराने दोन ज्यू विद्यार्थी शिकून गेले. पहिले हर्श लाउटरपाख्त. त्यांचा जन्म १८९७ चा, ल्विवजवळच्या झोव्कवा या लहान गावातला. १९१५ मध्ये त्यांनी कायद्याच्या शिक्षणाला आरंभ केला. परंतु शहर पोलंडकडे गेल्यावर आपल्यासारख्या ज्यू विद्यार्थ्यांना अखेरची परीक्षा देता आली नाही, असे त्यांनी नंतर नमूद केले आहे. १९१९ मध्ये ते व्हिएन्नाला गेले आणि तेथे हान्स केल्सेन यांच्यासारख्या आचार्यांच्या हाताखाली शिकले. १९२३ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. त्याच संस्थेतील अभ्यासाबद्दल त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांना लंडन विद्यापीठाची डी.एस्‌सी. मिळाली. दोघांची भेट झाली असे म्हणण्यास आधार नाही. परंतु आपापल्या देशातील अपमानाचा प्रश्न मनात बाळगून दोन परस्थ विद्यार्थ्यांनी एकाच संस्थेची पायरी चढावी, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

दुसरे विद्यार्थी राफाएल लेमकिन. त्यांचा जन्म १९०० चा, आजच्या बेलारूसमधील एका शेतमळ्यावरचा. १९२१ मध्ये ते ल्विवच्या विद्यापीठात आले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये एक खटला गाजला. आर्मेनियन लोकांच्या कत्तलीस जबाबदार असलेला तुर्की मंत्री तलात पाशा याला एका आर्मेनियन तरुणाने भर रस्त्यात गोळी घातली होती. ज्यूरीने त्या तरुणास निर्दोष सोडले. लेमकिन यांनी आपल्या आठवणींत म्हटले आहे की, त्या वेळी त्यांनी आपल्या प्राध्यापकांना विचारले, ‘तलातवरच खटला का भरला नाही?’ उत्तर मिळाले की, तसा कायदाच नाही. शेतकऱ्याने स्वतःच्या कोंबड्या मारल्या तर त्यात दुसऱ्याने पडण्याचे कारण नाही. एका माणसाला मारणारा गुन्हेगार ठरतो आणि लक्षावधींना मारणारा राज्यकर्ता ठरतो, ही गोष्ट त्या विद्यार्थ्याच्या मनातून पुढे कधीच गेली नाही.

श्रोतेहो, पदव्युत्तर अभ्यासाचे मर्म येथे आहे. खालच्या वर्गात विद्यार्थी ‘कायदा काय आहे’ हे शिकतो. वरच्या वर्गात गेल्यावर त्याने ‘कायदा कोठे गप्प आहे’ हे पाहायचे असते. प्राध्यापकांचे उत्तर त्या काळच्या कायद्याप्रमाणे चूक नव्हते. राजाने आपल्या प्रजेशी कसे वागावे, हा त्याचा घरचा प्रश्न मानला जाई. दोघाही विद्यार्थ्यांनी पुढची पंचवीस वर्षे नेमक्या त्या गप्प जागेवर काम केले. परंतु दोघांची वाट मात्र निराळी होती.

लाउटरपाख्त म्हणाले, कायद्याने एकेका व्यक्तीला धरून ठेवावे. माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा हे न पाहता प्रत्येकाला राज्यसत्तेविरुद्ध हक्क असावा आणि त्याची दाद राज्याच्या सीमेपलीकडेही लागावी. १९४५ मध्ये केंब्रिजमध्ये प्राध्यापक असताना त्यांनी माणसाच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय सनदेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता रॉबर्ट जॅक्सन त्यांच्या भेटीस आले, तेव्हा नाझी पुढाऱ्यांवरील आरोपपत्रासाठी ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ हा शब्दप्रयोग त्यांनी सुचविला. ८ ऑगस्ट १९४५ च्या लंडन सनदेत तो कायम झाला.

लेमकिन यांचे म्हणणे दुसरे होते. माणसे मारली जातात ती बहुधा व्यक्ती म्हणून नव्हे; ती ज्या समूहात जन्मली त्या समूहासाठी मारली जातात. मग समूहालाच कायद्याचे छत्र हवे. १९३३ मध्ये माद्रिद येथील एका परिषदेसाठी त्यांनी असा गुन्हा ठरविणारी सूचना लिहून पाठविली. ती स्वीकारली गेली नाही. १९३९ मध्ये जर्मन सैन्य पोलंडमध्ये शिरल्यावर ते पळाले आणि स्वीडनमार्गे १९४१ मध्ये अमेरिकेस पोहोचले. वाटेत त्यांनी एक विलक्षण संग्रह केला. जिंकलेल्या देशांत जर्मन अधिकाऱ्यांनी काढलेली फर्माने ते गोळा करीत गेले. अमुक लोकांनी नावे नोंदवावीत, अमुकांनी खूण लावावी, अमुकांनी घरे सोडावीत, असले ते कागद. एकेक हुकूम सुटा वाचला तर कचेरीतला रोजचा कागद वाटावा. सगळे एकत्र लावले की एका जमातीला नाहीसे करण्याची योजना दिसू लागते. या अभ्यासातून १९४४ चा त्यांचा ग्रंथ झाला. ग्रीक आणि लॅटिन धातू जोडून त्यांनी त्यात ‘जेनोसाइड’ हा नवा शब्द घडविला. आपण त्याला वंशसंहार म्हणतो.

हे दोन विचार एकमेकांस पूरक आहेत असे आपल्याला वाटेल. परंतु त्या दोघांना तसे वाटत नव्हते. समूहाच्या नावाने गुन्हा ठरविला तर समूहासमूहांतील भिंती कायद्यानेच पक्क्या होतील, अशी लाउटरपाख्त यांची भीती होती. एकट्या व्यक्तीकडे पाहिले तर अपराधाचे खरे स्वरूपच दृष्टीआड होते, असा लेमकिन यांचा आग्रह होता. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे.

न्यूरेंबर्गचा खटला २० नोव्हेंबर १९४५ रोजी सुरू झाला. आरोपींत हान्स फ्रांक होता. १९४१ पासून ल्विवचा प्रदेश त्याच्याच अमलाखाली होता. ब्रिटिश पक्षाच्या भाषणांवर लाउटरपाख्त काम करीत होते, आणि त्या आरंभीच्या दिवसांत ल्विवमधील आपल्या माणसांचे काय झाले हे त्यांना ठाऊक नव्हते. पुढे कळले ते असे, की आईवडील आणि भावंडे मारली गेली होती. एक भाची तेवढी वाचली होती. लेमकिन यांचे आईवडील धरून ४९ आप्त गेले. १ ऑक्टोबर १९४६ रोजी निकाल पुरा झाला. फ्रांकला फाशी झाली. ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ निकालात उतरले, पण युद्धाशी जोडलेले तेवढेच. ‘वंशसंहार’ हा शब्द आरोपपत्रात येऊनही निकालात आला नाही.

यानंतरच्या कथेत आपला देश येतो. वंशसंहार हा आंतरराष्ट्रीय गुन्हा मानावा, असा ठराव १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडणारी तीन राष्ट्रे म्हणजे क्यूबा, पनामा आणि भारत. ११ डिसेंबर १९४६ रोजी तो संमत झाला. तिकडे मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा होत असताना आपल्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणाऱ्या इंग्रजी शब्दांना हरकत घेतली आणि तेथे ‘सर्व मानव’ असे शब्द घालविले. अखेर पॅरिसमध्ये ९ डिसेंबर १९४८ रोजी वंशसंहाराविरुद्धचा करार आणि १० डिसेंबरला मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. लेमकिन यांचा समूह आणि लाउटरपाख्त यांची व्यक्ती यांना जगाने लागोपाठच्या दोन दिवशी मान्यता दिली. जाहीरनामा कायद्याने कोणास बांधीत नाही, म्हणून लाउटरपाख्त मात्र असमाधानीच राहिले.

त्याच सुमारास, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, दिल्लीत संविधान सभेपुढे डॉ. आंबेडकर मसुदा मांडीत होते. मसुद्याने खेडे हा घटक न मानता व्यक्ती हा घटक मानला, याबद्दल त्यांनी त्या भाषणात समाधान व्यक्त केले. आणि त्याच भाषणात अल्पसंख्याकांच्या संरक्षक तरतुदींचेही समर्थन केले. युरोपातील दोन पंडितांनी जे दोन पक्ष केले होते ते येथे एका घटनेत एकत्र नांदतात. अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम पाहा. ते प्रत्येक माणसाचे रक्षण करते. पण ज्या अन्यायापासून करते तो अन्याय त्याच्या जन्माच्या समूहावरून झालेला असतो. व्यक्ती आणि समूह यांपैकी एकच डोळा उघडा ठेवणाऱ्याला हे कलम नीट वाचता येणार नाही.

लेमकिन १९५९ मध्ये न्यूयॉर्कला वारले. अंत्यविधीस मोजकीच माणसे होती. लाउटरपाख्त आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश होऊन १९६० मध्ये गेले. वंशसंहाराबद्दल एका आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने पहिली शिक्षा दिली ती १९९८ मध्ये, रुआंडातील एका नगराध्यक्षास. ल्विवच्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला त्याला तेव्हा ७७ वर्षे झाली होती. अभ्यासाने मेलेली माणसे परत येत नाहीत आणि वेळेवर वाचतातच असेही नाही. परंतु ज्या अन्यायाला नाव नसते त्याविरुद्ध फिर्याद लिहिता येत नाही. ते नाव शोधणे आणि न्यायाधीशाला वापरता येईल इतके काटेकोर करणे, हे काम घोषणेने होत नाही. त्याला कागदपत्रे, भाषा आणि चिकाटी लागते.

आणि हे काम संपलेले नाही. भारताने १९५९ मध्ये वंशसंहाराचा करार कायम केला. तरीही १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडासंबंधीच्या एका खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाला १७ डिसेंबर २०१८ रोजी नमूद करावे लागले की, ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ आणि ‘वंशसंहार’ हे दोन्ही गुन्हे आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत. त्यानंतर २०२३ ची भारतीय न्याय संहिता आली. तिनेही ती उणीव भरली नाही. आपल्या विद्यापीठात मानवी हक्कांची पदवी घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींपुढे इतकी मोठी गप्प जागा कायद्यात शिल्लक आहे. त्यांनी जाहीरनाम्याची ३० कलमे पाठ करावीत, यास हरकत नाही. मात्र परीक्षेनंतर कधीतरी या जागेवर येऊन बसावे, आणि आपण पालकांनी त्यांना ‘या पदवीचा उपयोग काय’ असे घाईने विचारू नये.