मुकुट आणि स्टेथोस्कोप

कन्येने सौंदर्यस्पर्धेचे नाव काढताच नवी मुंबईतील आमच्या धर्मग्रामांतील पुष्कळ आईबाप धास्तावतात. त्यांच्यासाठी इतिहासाचे एक पान आम्ही उलगडीत आहोत.

१९४७ साली ‘मिस इंडिया’ ठरलेल्या प्रमिला चित्रपट-अभिनेत्री होत्या. १९५२ च्या विजेत्या इंद्राणी रहमान नृत्यांगना. मुंबईत जन्मलेल्या, गोमंतकीय कॅथॉलिक कुटुंबातील रीटा फारिया मात्र ग्रँट मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी. १९६६ साली त्या प्रथम ‘मिस बॉम्बे’ व नंतर ‘मिस इंडिया’ झाल्या. १७ नोव्हेंबरला लंडनमध्ये त्यांना ‘मिस वर्ल्ड’चा मुकुट लाभला. हा मान मिळविणारी आशियातील ती पहिलीच स्त्री. यानंतर हा मुकुट पुन्हा भारतात यावयास १९९४ साल उजाडले.

वर्षभर किताबाची कर्तव्ये पार पाडल्यावर चित्रपट व मॉडेलिंगची प्रलोभने दूर सारून त्या वैद्यकाकडे परतल्या. लंडनच्या किंग्ज कॉलेजात त्यांनी पुढील शिक्षण घेतले आणि डब्लिन येथे रुग्णसेवा केली.

मुकुट वर्षाकाठी दुसऱ्या मस्तकावर जातो. विद्या मात्र जन्मभराची सोबतीण. म्हणून कन्येला दटावण्यापूर्वी आईबापांनी एवढेच विचारावे: “मुकुट उतरल्यावर, बाळ, तू काय करशील?” उत्तर तिच्यापाशी असेल, तर भिण्याचे कारण नाही.