कर्णा आणि घराचा कोपरा

जुन्या ग्रामोफोनच्या पेटीवर फुललेला पितळी कर्णा पाहून पुष्कळांस ती यंत्राची केवळ शोभा वाटते. वस्तुतः त्या यंत्राचा सारा आवाज कर्ण्याच्याच बळावर चाले. सुई तबकडीच्या खांचेंतून फिरे, तिच्या थरथरीनें अभ्रकाचा एक लहानसा पडदा हाले, आणि तेवढ्या हालचालीवर खोलीभर गाणें ऐकूं येई. पुढें वीज आली, व्हॉल्व्ह आले, तरी कर्णा गेला नाहीं. घरीं स्वतःच्या हातानें उत्तम लाउडस्पीकर बांधूं पाहणाऱ्या हौशी मनुष्यापुढें तर तो एक कोडें होऊन बसला. ड्रायव्हर कोणता घ्यावा, आणि त्यास कर्णा कोणता जोडावा? या प्रश्नाचा इतिहास पाहिला म्हणजे असें दिसतें कीं, ही निवड दोन वस्तूंची नसून एकाच वस्तूची आहे. आणि तिचा आरंभ दुकानांत न होतां घराच्या खोलींत होतो.

ड्रायव्हर म्हणजे विजेचें आवाजांत रूपांतर करणारा भाग. लोहचुंबकाच्या फटींत तारेचें एक वेटोळें टांगलेलें असतें. त्यांतून गाण्याची वीज वाहूं लागली कीं तें मागेंपुढें हलतें, आणि त्यास जोडलेला पडदा हवा ढकलतो. या रचनेचें पेटंट वेर्नर सीमेन्स यानें १८७४ मध्येंच घेतलें होतें. परंतु विजेचा क्षीण प्रवाह वाढविणारें साधन तेव्हां नव्हतें, म्हणून ती कल्पना कागदावरच राहिली. अमेरिकेंत पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम यांनीं असें यंत्र कर्ण्यास जोडलें आणि १९१५ च्या नाताळांत सॅन फ्रान्सिस्को येथें मोठ्या जनसमुदायास ऐकविलें. १९१९ मध्यें राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचें सॅन डिएगो येथील भाषण हजारों श्रोत्यांनीं याच साधनाच्या द्वारें ऐकलें.

कर्ण्याची गरज कां पडते, हें एका साध्या दृष्टान्तानें कळेल. पाण्यांत नुसतें बोट फिरविलें तर पाणी दोन्ही बाजूंनीं निसटतें. वल्हें फिरविलें तर नाव पुढें जाते. हवा तर पाण्याहून कितीतरी पातळ. पडद्यासमोरची हवा बाजूस निसटते आणि पडद्याचे श्रम वायां जातात. कर्ण्याचा अरुंद गळा त्या हवेस निसटूं देत नाहीं, आणि हळूहळू रुंदावत जाणारी त्याची नळी तो दाब बाहेरच्या विस्तीर्ण हवेच्या स्वाधीन करते. साध्या कागदी शंकूच्या लाउडस्पीकरांत दिलेल्या विजेपैकीं शेकडा एक-दोन भागच आवाजांत उतरतो. चांगल्या कर्ण्यांत हाच हिस्सा शेकडा वीस-तीसपर्यंत जाऊं शकतो.

परंतु कर्णा किती रुंद आणि किती लांब असावा? फार दिवस हें काम कारागिराच्या अंदाजानेंच चाले. १९१९ मध्यें क्लार्क विद्यापीठाच्या वेब्स्टर यांनीं कर्ण्याचें गणित मांडलें. १९२४ मध्यें हॅना व स्लेपियन यांनीं तें लाउडस्पीकरास लावून दाखविलें. गंमत अशी कीं, लगेच पुढच्याच वर्षीं राइस व केलॉग या दोघांनीं कर्ण्यावांचून चालणारा शंकूचा लाउडस्पीकर सिद्ध केला. त्यास वीज अधिक लागे, पण जागा थोडी पुरे. घरोघरच्या रेडिओंत पुढें तोच शिरला.

चित्रपटगृहांस मात्र हें परवडणारें नव्हतें. तेथें प्रेक्षागृह मोठें आणि अ‍ॅम्प्लिफायरची शक्ति थोडी. १९२६ मध्यें वेंट व थुरास यांनीं वेस्टर्न इलेक्ट्रिकसाठीं ५५५ या क्रमांकाचा ड्रायव्हर तयार केला. त्याचा अ‍ॅल्युमिनियमचा पडदा गळ्याहून मोठा होता. त्यामुळें हवा गळ्यांत दाबली जाई. पडद्याच्या निरनिराळ्या भागांतून निघालेल्या लहरी एकाच वेळीं गळ्याशीं पोंचाव्या म्हणून मध्यें एक खाचांचा ठोकळा बसविला होता. बोलपटाचें युग अशा ड्रायव्हरांच्या जोरावर उभें राहिलें. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहांत 'आलम आरा' झळकला आणि तें युग हिंदुस्थानांतही अवतरलें.

एकच कर्णा खर्जापासून तार सप्तकापर्यंत सर्व स्वर सारखे देऊं शकत नाहीं, हें लौकरच ध्यानांत आलें. मग दोन कर्णे आले, आणि त्यांबरोबर नवें संकट. खर्जाचा कर्णा लांब असल्यानें तो दुमडावा लागे. त्यांतून येणारा आवाज दुसऱ्या कर्ण्याच्या मागें पडे. नर्तकाच्या टांचेचा एकच ठोका दोनदां ऐकूं येऊं लागला! हॉलिवूडच्या एम्. जी. एम्. कंपनींत डग्लस शिअरर व जॉन हिलिअर्ड यांनीं खर्जाचा मार्ग आंखूड करून हा दोष काढला. त्यांच्या रचनेस १९३६ सालचें अकादमीचें तांत्रिक पारितोषिक मिळालें.

आतां घराकडे वळूं. आवाज सेकंदास सुमारें ११०० फूट जातो. सेकंदास ५० कंपनांचा खर्ज हवा असेल तर त्याची लहर २२ फुटांची होते. कर्ण्याच्या मुखाचा परीघ निदान एका लहरीएवढा असावा, असा नियम आहे. म्हणजे मुखाचा व्यास सात फूट आला! शिवाय असा कर्णा सुमारें सव्वा फुटास एकदां क्षेत्रफळानें दुप्पट व्हावा लागतो; पन्नास चौरस इंचांच्या गळ्यापासून निघालेल्या कर्ण्याची लांबी आठ-साडेआठ फूट होते. असला राक्षस बैठकीच्या खोलींत कोण ठेवूं देईल?

या पेंचांतून वाट काढली ती घराच्या कोपऱ्यानें. जमीन व दोन भिंती जेथें मिळतात तेथें आवाजास पसरण्यास मोकळ्या अवकाशाचा आठवाच भाग असतो. म्हणून मुखही एक-अष्टमांश पुरतें. अडतीस चौरस फुटांचे पांच झाले, तीन दुपटी वांचल्या, आणि लांबी पांच फुटांच्या आंत आली. इंग्लंडांत पॉल व्हॉइग्ट यानें १९३४ मध्यें घरगुती कोपरा-कर्णा विक्रीस आणला. अमेरिकेंत पॉल क्लिप्श यानें १९४१ मध्यें आपली दुमडलेल्या कर्ण्याची रचना प्रसिद्ध केली आणि १९४६ मध्यें अर्कान्सास संस्थानांतील होप या गांवीं कारखाना काढला. त्याच्या कपाटांत घराच्या भिंतीच कर्ण्याचा शेवटचा भाग होत. त्या लाउडस्पीकरचें उत्पादन पुढें सत्तर वर्षांहून अधिक काळ चाललें.

१९५४ मध्यें एडगर व्हिल्चर यानें लहान बंद पेटींतून खोल खर्ज काढून दाखविला. पुढें ट्रान्झिस्टरमुळें वीज स्वस्त झाली, स्टीरिओमुळें एका खोलींत दोन लाउडस्पीकर ठेवण्याची पाळी आली, आणि बहुतेक घरांतून कर्ण्यानें निरोप घेतला. तथापि हौशी लोकांनीं, विशेषतः जपान व फ्रान्स या देशांत, चित्रपटगृहांतले जुने ड्रायव्हर जपले आणि त्यांभोंवतीं नवे कर्णे बांधले.

या हौसेंत पैसा फुकट जातो तो बहुधा एकाच चुकीनें. नांवाजलेला ड्रायव्हर आधीं विकत घेतला जातो, आणि कर्ण्याचा विचार मागाहून होतो. कर्णा ज्या स्वरापर्यंत उतरतो त्याच्या खालीं तो पडद्यास आधार देत नाहीं. पडदा मोकाट हलूं लागतो, आणि नाजूक पडदा त्यांतच निकामी होतो. म्हणून अशा ड्रायव्हरचें काम त्या मर्यादेच्या बरेंच वर, शक्य तर एक सप्तक वर, सुरूं करावें. उच्च स्वरांच्या ड्रायव्हरचें तोंड व कर्ण्याचा गळा यांचें माप एक असावें. खर्जाच्या कर्ण्यास हलक्या शंकूचा आणि बलवान चुंबकाचा ड्रायव्हर द्यावा. परंतु या सर्वांच्या आधीं खोलीची लांबी-रुंदी मोजावी, कोपरे मोकळे आहेत कीं नाहींत तें पाहावें, आणि त्या जागेंत किती खालचा स्वर मावेल तें ठरवावें. खोलीवरून मुख, मुखावरून कर्णा आणि कर्ण्यावरून ड्रायव्हर, हाच क्रम व्हॉइग्ट आणि क्लिप्श यांनीं पाळला. म्हणूनच सात फुटांचा राक्षस त्यांच्या हातीं घरांतलें एक कपाट झाला.