उंबरठ्याच्या आत आलेली फुले

मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या पट्ट्यातील घरांत आज फुलझाडांच्या कुंड्या दिसतात, त्या केवळ शोभेच्या वस्तू म्हणून पाहिल्या जातात. परंतु त्या कुंड्यांतील बहुतेक झाडांच्या मागे चारशे-पाचशे वर्षांचा प्रवास उभा आहे. त्या प्रवासात दर्यावर्दी आहेत, व्यापारी आहेत, वैद्य आहेत, आणि आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे, झगा घातलेले संन्यस्त धर्मबंधूही आहेत. हा इतिहास आपल्या कुटुंबांना ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रारंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. फुलझाड घराच्या आत ठेवणे ही मूळची कोकणची रीत नव्हे. आपल्याकडे फूल अंगणात, विहिरीच्या काठी, कुंपणाला उमलायचे. मोगरा, अबोली, जास्वंद यांना छपराची गरजच नव्हती. १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रिस्तपुराणा'त फादर स्टीफन्स यांना मराठी भाषेची थोरवी सांगताना मोगरीची उपमा सुचली, ती अशाच मोकळ्या हवेतल्या फुलाची. झाड खोलीत आणण्याची निकड भासली ती युरोपातील थंड देशांना. उष्ण प्रदेशातील झाडे तेथील हिवाळ्यात बाहेर जगत नसत.

परंतु घरात येण्यापूर्वी ही झाडे सागर ओलांडून आली. अमेरिका खंड युरोपियनांना माहीत झाल्यानंतर तेथील कितीतरी फुले पोर्तुगीज आणि इतर जहाजांतून पूर्वेकडे पोहोचली. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, निशिगंध तेथलाच, गुलबक्षीही अमेरिकेची, आणि ज्याला आपण खुरचाफा म्हणतो तोही उष्ण अमेरिकेतला. गोव्याच्या कोंकणीत झेंडूला 'रोजां' म्हणतात, त्या शब्दात पोर्तुगीजांचा 'रोझा' म्हणजे गुलाब अजून डोकावतो. आज दसऱ्याला दारावर झेंडूचे तोरण बांधताना तो कोणत्या देशाचा, असे कोणी विचारीत नाही. विचारावे असे कोणाला वाटतही नाही.

या खुरचाफ्याचे शास्त्रीय नाव 'प्लुमेरिया'. ते शार्ल प्लुमिए या फ्रेंच धर्मबंधूंच्या स्मरणार्थ दिलेले आहे. प्लुमिए (१६४६-१७०४) हे मिनिम संघाचे. फ्रान्सच्या राजाच्या आज्ञेने त्यांनी वेस्ट इंडीजच्या बेटांच्या तीन सफरी केल्या आणि तेथील झाडांची चित्रे व वर्णने तयार केली. आज कुंडीत सर्रास दिसणाऱ्या बिगोनियाला ते नाव त्यांनीच, मिशेल बेगों या अधिकाऱ्याच्या सन्मानार्थ दिले. कॅमेलिया हे नाव गेओर्ग योसेफ कामेल या येशूसंघीय बंधूंवरून आले. ते मनिला येथे औषधालय चालवीत आणि फिलिपिन्समधील वनस्पतींची नोंद करीत. रोग्याला औषध देता देता त्यांनी झाडांचा अभ्यास केला.

आपल्या किनाऱ्याशी अधिक जवळचा संबंध आहे तो 'होर्तुस मलबारिकुस' या ग्रंथाचा. मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक फान रेडे याने हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला आणि तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच काळात डचांची एक वखार वेंगुर्ल्यालाही होती. रेडे स्वतः प्रॉटेस्टंट. तरी कामाच्या आरंभी त्याला साहाय्य केले ते कार्मेलाईट संघाचे इटालियन धर्मगुरू फादर मॅथ्यू यांनी. मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन यांनी औषधी झाडांचे ज्ञान दिले. आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी आपले प्रमाणपत्र नागरी लिपीत लिहून दिले, ते पहिल्या खंडात छापलेले आहे. ज्या शतकात युरोपात पंथापंथांची युद्धे झाली, त्याच शतकात एका झाडाच्या पानाभोवती डच प्रॉटेस्टंट, इटालियन धर्मगुरू, मलबारी वैद्य आणि कोंकणी ब्राह्मण एकत्र बसले. ही घटना लहान आहे असे आम्हांला वाटत नाही.

कृष्णकमळाची कथा याच संदर्भात सांगण्याजोगी आहे. दक्षिण अमेरिकेतील ही वेल पाहून तेथील मिशनऱ्यांना प्रभूच्या दुःखसहनाची आठवण झाली. १६०९ च्या सुमारास रोममध्ये जाकोमो बोसियो यांनी त्या फुलाचे वर्णन क्रुसाविषयीच्या आपल्या ग्रंथात घातले. फुलातील तंतूंचे कडे म्हणजे काट्यांचा मुगुट, तीन अग्रे म्हणजे खिळे, पाच परागकोश म्हणजे पाच जखमा, असा अर्थ पुढे रूढ झाला. तीच वेल महाराष्ट्रात आली, तेव्हा आपल्या हिंदू शेजाऱ्यांनी त्याच तंतूंत शंभर कौरव आणि त्याच पाच परागकोशांत पाच पांडव पाहिले. फूल एकच, प्रत्येकाने आपल्या श्रद्धेच्या भाषेत ते वाचले. यात कोणाचे काही हिरावले गेले नाही.

आता घराच्या आतील कुंडीकडे वळू. १८२९ साली लंडनमधील डॉक्टर नथानिएल वॉर्ड यांनी एका बंद बाटलीत पतंगाचा कोष ठेवला होता. बाटलीतील ओल्या मातीत नेच्याचे रोप आपोआप उगवले आणि बाहेरून पाणी न घालता जगले. त्यावरून त्यांनी काचेच्या पेट्या तयार केल्या. १८३३ साली अशा दोन पेट्या जहाजाच्या डेकवरून सिडनीला गेल्या आणि झाडे टवटवीत पोहोचली. खारे वारे आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे पूर्वी वाटेतच मरणारी झाडे आता जगू लागली. याच पेट्यांतून चीनमधील चहाची रोपे हिंदुस्थानात आली, आणि उष्ण अरण्यांतील फुलझाडे युरोपच्या दिवाणखान्यात शिरली. कोलंबियातील अँथुरियम १८७६ मध्ये एदुआर आंद्रे यांनी मिळविले. पूर्व आफ्रिकेतील व्हायोलेट १८९२ मध्ये बॅरन फॉन सेंट पॉल या जर्मन अधिकाऱ्याने मायदेशी पाठविले. त्याचे 'सेंटपॉलिया' हे नाव प्रेषित पौलाचे नसून या गृहस्थाचे आहे. पुढे हीच झाडे उलट वाटेने आपल्या शहरांत आणि गावांत आली.

या झाडांची निगा त्यांच्या जन्मभूमीवरूनच समजते. ती दाट अरण्यातील, मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारी आहेत. म्हणून त्यांना पूर्वेकडील खिडकीचा कोवळा उजेड मानवतो, दुपारचे ऊन पाने करपविते. अँथुरियम, ऑर्किड यांची मुळे रानात खोडाला धरून राहतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. म्हणून चिकट लाल माती न भरता नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि विटांचे खडे घालावेत. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की झाड तहानेने क्वचितच मरते. ते मरते कुजून. जून ते सप्टेंबर बोट मातीत खुपसून कोरडे लागल्याखेरीज पाणी घालू नये. समुद्राजवळच्या घरांत पानांवर खारट थर बसतो, तो ओल्या फडक्याने पुसावा. व्हायोलेटच्या लवदार पानांवर मात्र पाणी पडू देऊ नये, डाग पडतात. अँथुरियम हे अळू आणि सुरण यांच्याच कुळातले. त्याचा चीक खाजतो, म्हणून लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवावे.

ज्याला घरोघरी ब्रह्मकमळ म्हणतात, ते खरे तर मेक्सिकोकडील निवडुंग आहे. हिमालयातील ब्रह्मकमळ निराळे. परंतु रात्री ते उमलले की शेजारीपाजारी पाहायला जमतात. त्याच्या एका चपट्या फांदीचा तुकडा दुसऱ्या कुंडीत रुजतो, आणि असे ते एका घरातून दुसऱ्या घरात जाते.

या फुलांना शास्त्रीय नोंदीत मानाचे स्थान देणाऱ्यांत आपल्याच मुंबईतील येशूसंघीय होते. फादर एथेलबर्ट ब्लाटर (१८७७-१९३४) यांचे नाव सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिसंग्रहाला आहे. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव (१९०३-१९७०) स्पेनहून आले, खंडाळ्याच्या डोंगरांत पायी हिंडले, भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे प्रमुख झाले आणि १९६७ साली पद्मश्री ठरले. मुंबई इलाख्यातील ऑर्किडांवर त्यांनी सहकाऱ्यासमवेत ग्रंथ लिहिला. त्यांनी ही फुले पाहिली ती झाडावर. सह्याद्रीतील सीतेची वेणी किंवा दुसरे ऑर्किड ओरबाडून कुंडीत लावण्याचा मोह आज आपण आवरला पाहिजे. रानातले एक रोप उपटले तर तेथील बीही गेले. रोपवाटिकेतले रोप विकत घेतले तर कोणाचे काही जात नाही.

आणखी एक काळजी आमच्या मनात आहे. आपल्या किनाऱ्यावरची अनेक घरे नोकरीधंद्यामुळे वर्षातील अकरा महिने बंद असतात. दाराला कुलूप लागले की पडवीतल्या कुंड्या वाळतात, आणि त्यांच्याबरोबर आजीच्या हातचे ज्ञानही जाते. कोणत्या फांदीला मूळ फुटते, कोणत्या महिन्यात छाटावे, कोणती कुंडी कोणाकडून आली, हे कोठेही लिहिलेले नाही. आमचे वाचकांना सांगणे एवढेच, की घर बंद करण्यापूर्वी प्रत्येक झाडाची एक फांदी शेजाऱ्याला द्यावी, मग तो कोणत्याही धर्माचा असो. आणि वडीलधाऱ्यांना विचारून त्या झाडाची हकीकत वहीत उतरवून ठेवावी.

आपल्या समाजाला कधीकधी परकेपणाचा प्रश्न विचारला जातो. उत्तर देताना वाद घालण्याचे कारण नाही. खुरचाफा, झेंडू आणि निशिगंध या मातीत किती पिढ्या रुजले आहेत, ते दाखवावे, आणि शेजाऱ्याच्या अंगणातही तीच झाडे उभी आहेत, हे त्याच्यासोबत पाहावे.