लिनक्स कर्नेल : ज्ञानाचे कुलूप, झेरॉक्सच्या प्रती आणि देखभालीचा प्रश्न

लिनक्सविषयी आपल्या कार्यकर्त्यांमध्ये दोन टोकांची मते ऐकू येतात. एक असे की ही इंजिनिअर लोकांची भानगड आहे, चळवळीचा तिच्याशी काय संबंध? दुसरे असे की लिनक्स सर्वांना खुले आहे, फुकट आहे, म्हणजे तिथे समता नांदतेच आहे. आम्ही संगणकशास्त्र शिकलेलो नाही. समाजशास्त्र शिकलो आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये काम करतो. पण ज्ञान कुणाच्या ताब्यात होते, ते कुणी सोडवले आणि सोडवल्यावर राखणदार म्हणून कोण बसले, हा प्रश्न समाजशास्त्राचाच आहे. या प्रश्नाच्या अंगाने लिनक्सचा इतिहास तपासला, तर वरील दोन्ही मते टिकत नाहीत.

आधी वस्तू समजून घेऊ. कर्नेल म्हणजे गर, दाणा. भुईमुगाच्या शेंगेचे टरफल हाताला लागते, दाणा आत असतो. फोनच्या पडद्यावरची चित्रे आणि बटणे हे टरफल. आत एक प्रोग्राम सतत चालू असतो. प्रोसेसर, मेमरी, कॅमेरा, नेटवर्क यांतले कोणाला किती आणि केव्हा द्यायचे, हे तो ठरवतो. मेहकरच्या बाजारात सोयाबीनचा भाव पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या अँड्रॉइड फोनमध्ये हा दाणा लिनक्सचा आहे. २०१७ साली आलेल्या स्वस्त जिओफोनमध्येही तोच होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून जगातले पहिल्या क्रमांकाचे पाचशे महासंगणकही त्यावरच चालतात. म्हणजे ‘आमचा काय संबंध’ म्हणणारा कार्यकर्ता ते वाक्यसुद्धा बहुधा लिनक्सवरूनच पाठवत असतो!

आता इतिहास. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली लिहायला घेतली. मालक कंपनी एटी अँड टी. १९५६ सालच्या एका न्यायालयीन तडजोडीने या कंपनीला टेलिफोनबाहेरचा धंदा करायला मनाई होती. त्यामुळे युनिक्स विकता येईना, म्हणून ते अल्प शुल्कात विद्यापीठांना दिले गेले, तेही सोर्स कोडसकट. ज्ञान खुले झाले ते कुणाच्या औदार्याने नव्हे, कायद्याच्या बंधनाने. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. १९७६-७७ च्या सुमारास त्यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा सुमारे नऊ हजार ओळींचा कर्नेल छापून घेतला आणि त्यावर टीका लिहिली. टीका म्हणजे ज्ञानेश्वरीला आपण ज्या अर्थाने टीका म्हणतो त्या अर्थाने. विद्यार्थ्यांना चालू प्रणालीचे पोट उघडून दाखवणारे असे पुस्तक तोपर्यंत नव्हते. पण १९७९ साली सातवी आवृत्ती आली आणि तिच्या परवान्यात अट आली की हा कोड वर्गात शिकवायचा नाही. लायन्स यांचे पुस्तकही परवानाधारकांपुरतेच राहिले. मग जगभरचे विद्यार्थी त्याच्या झेरॉक्स प्रती काढू लागले. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स, अक्षरे पुसट होत गेलेली. हे पुस्तक उघडपणे प्रकाशित झाले ते थेट १९९६ साली. जवळजवळ वीस वर्षे कर्नेलचे शिक्षण या चोरट्या वाचनावर चालले.

ज्यांच्या पूर्वजांना विद्येची दारे जन्मावरून बंद होती, त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. तरीही आम्ही दोन्ही एकाच तराजूत तोलणार नाही. एटी अँड टीची बंदी कराराची होती. करार बदलतो, पैसे भरले की दार उघडते. जन्माच्या बंदीला असा दर नसतो. साम्य एवढेच की दोन्हीकडे वापरणाऱ्याला मनाई नव्हती, समजून घेणाऱ्याला होती. दगड फोडा, घडवा, पण देवळात येऊ नका, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

शिकवायला कोड उरला नाही म्हणून ॲमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ साली मिनिक्स नावाची छोटी प्रणाली स्वतः लिहिली. ती अभ्यासत असलेल्या लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ च्या ऑगस्टमध्ये आपण नवी प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले आणि सप्टेंबरात पहिली आवृत्ती ठेवली. साधारण दहा हजार ओळी. अलौकिक प्रतिभेच्या कथा सांगणारे एक तपशील गाळतात. फिनलंडमध्ये विद्यापीठाला फी नव्हती, विद्यार्थ्यांना कर्ज मिळत होते, त्याच आधारावर टोरवाल्ड्सने हप्त्याने संगणक घेतला. १९८८ साली विद्यापीठात गेलेला हा मुलगा पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडला १९९६ साली. घरी पैसे पाठवण्याची घाई नसलेली ही आठ वर्षे समाजाने त्याला दिली होती. शिष्यवृत्ती वेळेवर न आल्याने पुण्याची खोली सोडून गावी परतणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

त्याच १९९१ साली पुण्यात सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभा केला. अमेरिकेने महासंगणक नाकारल्यावर सरकारी पैशातून झालेली ती मोठी कामगिरी होती, आणि तिचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातले. या कामगिरीला कमी लेखण्याचे कारण नाही. पण परमचा सारा व्यवहार शास्त्रज्ञांच्या वर्तुळातला. अकोल्याच्या विद्यार्थ्याला तो उघडून वाचता येणार नव्हता. हेलसिंकीचा प्रकल्प वाचता येत होता, दुरुस्तही करता येत होता. आज सी-डॅकचा पुण्यातला परम सिद्धी लिनक्सवर चालतो. सी-डॅकनेच आणलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही लिनक्सवरच बेतलेली आहे. दाणा बाहेरचा, टरफल आपले.

१९९२ साली टोरवाल्ड्सने लिनक्सला जीपीएल हा परवाना लावला. हा रिचर्ड स्टॉलमन यांच्या चळवळीतून आलेला परवाना. कोड घ्या, बदला, विका. पण बदललेले दुसऱ्याला देताना त्याचा सोर्सही द्यावा लागेल. सामायिक विहिरीवर कुणाचे वतन होऊ नये, अशी ही कायदेशीर तजवीज. १९९४ साली १.० आवृत्तीत पावणेदोन लाख ओळी होत्या. आज चार कोटींच्या घरात आहेत.

इथेच दुसऱ्या मताकडे वळू. खुले केले म्हणजे खुले झाले का? १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले होते. त्याचे पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि त्या दिवशी लोकांनी मारही खाल्ला. परवाना आणि प्रवेश यांतले हे अंतर आम्ही कर्नेलमध्येही शोधतो.

कर्नेल एकदा लिहून संपत नाही. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. तीत दहा हजारांवर बदल असतात, करणारे दोन हजारांच्या आसपास. प्रत्येक बदल म्हणजे एक पॅच. तो त्या विभागाच्या मेंटेनरकडे जातो, त्याने तपासून घेतला तर वरच्याकडे, शेवटी टोरवाल्ड्सकडे. कोण कशाचा मेंटेनर, याची एक लांबलचक फाइल कर्नेलसोबतच असते आणि आमच्या मते समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने कर्नेलमधले काही वाचायचे तर ती आधी वाचावी. तिथे प्रत्येक विभागाची अवस्था एका शब्दात लिहिलेली आहे. ‘सपोर्टेड’ म्हणजे या कामाचा कुणाला तरी पगार मिळतो. ‘मेंटेन्ड’ म्हणजे कुणीतरी पाहते आहे. ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे वेळ मिळाला तर पाहू. आणि ‘ऑर्फन’ म्हणजे अनाथ, वाली नाही. एवढा प्रामाणिकपणा आपल्याकडच्या एखाद्या सरकारी योजनेच्या कागदात सापडला तर कळवा.

या फाइलमागे अर्थशास्त्र आहे. लिनक्स फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार विनावेतन काम करणाऱ्यांचा कर्नेलमधला वाटा दहा टक्क्यांहून कमी होता. बाकी काम कंपन्यांच्या पगारावर. म्हणजे रात्री जागून जग बदलणाऱ्या हौशी तरुणांचे चित्र आता जुने झाले. ज्या यंत्रात कंपनीचा फायदा, त्याचा कोड ‘सपोर्टेड’. ज्यात कुणाचा फायदा नाही, तो अनाथ.

देखभालीचे पाणी वस्तीपर्यंत कसे पोहोचते, तेही पाहा. कर्नेलमधले सुरक्षेचे भोक बुजवले की ती दुरुस्ती आधी दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीत जाते, तिथून अँड्रॉइडच्या कर्नेलमध्ये, तिथून चिप बनवणाऱ्याकडे, मग फोन बनवणाऱ्याकडे आणि शेवटी ग्राहकाकडे. महागड्या फोनपर्यंत ती वर्षानुवर्षे येत राहते. सहा-सात हजारांच्या फोनला कंपनी लवकरच वाऱ्यावर सोडते. दुरुस्ती तयार असते, खुली असते, फुकट असते. फक्त टेल-एंडच्या शेतकऱ्याला कॅनॉलचे पाणी मिळावे तशी मिळते, म्हणजे मिळत नाही. आणि याच फोनवर आता गरिबाचा व्यवहार आहे. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवरची हजेरी फोटोसह ॲपवर घेणे बंधनकारक झाले. मजुरी बँकेत, बँक फोनमध्ये, फोनचा कर्नेल कधीचा तरी.

राहिला प्रश्न माणसांचा. कर्नेलमध्ये नवख्यांना शिवीगाळ होते ही तक्रार जुनी होती. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्सने स्वतःच्या वागण्याबद्दल माफी मागितली, काही आठवडे बाजूला झाला आणि प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. तिचा मसुदा ‘कॉन्ट्रिब्यूटर कॉव्हेनंट’ या अनेक प्रकल्पांत चालणाऱ्या संहितेच्या १.४ आवृत्तीवरून घेतलेला. कोणत्या आधारावर छळ चालणार नाही, याची त्यात यादी आहे : वय, अपंगत्व, लिंगभाव, शिक्षण, आर्थिक स्थिती, राष्ट्रीयत्व, वंश, धर्म वगैरे. जात नाही.

३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याने सिस्को या कंपनीविरुद्ध एका दलित अभियंत्याशी जातिभेद झाल्याचा दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले आणि २०२३ साली राज्याने दोन वरिष्ठांवरील वैयक्तिक दावा मागे घेतला. पण सिलिकॉन व्हॅलीत जात पोहोचली आहे का, हा प्रश्न त्यानंतर झाकता आला नाही. त्याच पंधरवड्यात, जुलै २०२० मध्ये, कर्नेलने ‘मास्टर-स्लेव्ह’ आणि ‘ब्लॅकलिस्ट’ हे शब्द नव्या कोडमध्ये टाळायचे ठरवले. अमेरिकेतल्या काळ्यांच्या आंदोलनाचा तो परिणाम होता आणि आम्ही त्याचे स्वागतच करतो. २०२१ साली मूळ कॉव्हेनंटच्या २.१ आवृत्तीत वंशाच्या पुढे जात हा शब्द आला. म्हणजे जगात शब्द उपलब्ध आहे. कर्नेलने २०१८ साली घेतलेला मसुदा त्याआधीचा.

कुणी म्हणेल, कोडला जात नसते, पॅचवर फक्त कोड असतो. तसे नाही. २००४ पासून प्रत्येक पॅचखाली पाठवणाऱ्याने ‘साइन्ड-ऑफ-बाय’ लिहून सही करायची असते. अनेक वर्षे नियम होता की खरेच नाव हवे, टोपणनाव चालणार नाही. २०२३ मध्ये तो थोडा सैल झाला, तरी निनावी पॅच आजही घेत नाहीत. फिनलंडमध्ये आडनाव म्हणजे आडनाव. आपल्याकडे आडनाव वाचले की पुढचे विचारावे लागत नाही, आणि तपासणारा पुण्याचा किंवा बंगळूरचा असेल तर त्यालाही विचारावे लागत नाही.

आचारसंहितेची ती फाइल कर्नेलच्या दस्तऐवजांच्या फोल्डरमध्ये आहे. यादीत जात घालायची तर पॅच एका शब्दाचा आहे. चिखली, शेगाव, खामगावच्या वसतिगृहांत राहून संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना तो एका दुपारी तयार करता येईल. खाली स्वतःचे पूर्ण नाव लिहावे लागेल, आडनावासकट.