बाईची सायकल : बोस्टनपासून आपल्या फाट्यापर्यंत

आज आपण सायकलीवर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, निंदण चालू आहे, कर्जाचे हप्ते आहेत, त्यात सायकलीचं काय काढलं? पण आमच्या गटांच्या बैठकीत एक विषय सारखा निघतो. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा फाट्यापलीकडे, तीन-चार किलोमीटरवर. एसटीचा भरवसा नाही. पोरीला पाठवायचं की घरी ठेवायचं? मग कोणी तरी म्हणतंच, "एकटी कशी जाईल?"

हा प्रश्न खोटा नाही. तो आईच्या काळजीतून येतो. म्हणून आज आम्ही तुम्हाला सायकलवर एकट्या निघालेल्या बायांचा इतिहास सांगणार आहोत. त्यांच्यावर काय बेतलं, तेही सांगणार आहोत.

आज आपण पाहतो तशी, दोन सारख्या चाकांची आणि साखळीची सायकल १८८५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये आली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेचं टायर काढलं आणि बसणाऱ्याची हाडं खिळखिळी होणं थांबलं. मग तिकडच्या बायाही सायकल चालवू लागल्या. त्याबरोबर ओरडही सुरू झाली. सायकल चालवल्यानं बाईचा चेहरा बिघडतो, असं काही डॉक्टरसुद्धा सांगत. अडचण कपड्यांचीही होती. घोळदार झगा साखळीत अडके. म्हणून दांडी खाली वाकवलेली लेडीज सायकल निघाली, साखळीवर झाकण आलं आणि काही बाया ढगळ विजार घालू लागल्या. आपल्याकडे लुगडं साखळीत गुंतण्याची भीती होती, तशीच ती गोष्ट.

अशा काळात, १८९४ च्या जून महिन्यात, अमेरिकेतल्या बोस्टन शहरातून ॲनी कोपचोव्हस्की नावाची बाई सायकलवर जगाची फेरी करायला निघाली. ती तीन लेकरांची आई होती आणि सायकल शिकून तिला फार दिवस झाले नव्हते. पैसे कुठून आणायचे? लंडनडेरी नावाच्या पाणी विकणाऱ्या कंपनीनं तिला शंभर डॉलर दिले. त्या बदल्यात तिनं कंपनीची पाटी सायकलला लावली आणि नावही घेतलं, ॲनी लंडनडेरी. सुरुवातीची सायकल सुमारे एकोणीस किलोची होती. शिकागोला पोचल्यावर तिनं ती बदलून निम्म्या वजनाची पुरुषी सायकल घेतली आणि झगाही सोडला. पुढे बराच प्रवास तिनं जहाजानं केला, हेही खरं. परतताना आयोवा राज्यात डुकरांच्या कळपावर सायकल आदळून तिचं मनगट मोडलं. तरी १८९५ च्या सप्टेंबरात तिनं फेरी पूर्ण केली. ती मागे लेकरं सोडून गेली म्हणून कोणी तिला नावं ठेवील. पण बाई रस्त्यानं एकटी जाऊ शकते, हे जगानं वर्तमानपत्रात वाचलं.

आपल्या देशातून जगफेरीला आधी निघाले ते पुरुष. १९२३ मध्ये मुंबईचे काही पारशी तरुण सायकलवर निघाले. त्यांच्यातल्या अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी १९२८ मध्ये फेरी पूर्ण केली. आपल्या अमरावतीतही व्यायामाची परंपरा जुनी. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. तिथला चमू १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवायला गेला होता. पण गावात सायकल आली ती पोस्टमनकडे, दूधवाल्याकडे, मास्तरांकडे. पोरं कैची मारत शिकली. पोरी कॅरिअरवर मागे बसल्या.

हे चित्र बायांनी मिळून कसं बदललं, ते पाहायला तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात जावं लागेल. १९९१ मध्ये तिथे साक्षरता मोहीम सुरू होती. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ठरवलं, की अक्षराबरोबर बायांनी सायकलही शिकायची. वर्गाला यायचं तर पायात बळ हवं आणि हाताशी वाहन हवं. शेतमजूर बाया, दगडखाणीतल्या बाया, अंगणवाडीच्या ताया, सगळ्या मैदानावर उतरल्या. पडल्या, खरचटल्या, लोक हसले. तरी थोड्याच काळात लाखाच्या आसपास बाया सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येतं! माल विकणाऱ्या बाईला बसची वाट पाहणं सुटलं, एका दिवसात जास्त गावं होऊ लागली. पाणी आणणं, लेकरू सोडणं, बाजार करणं, यासाठी नवऱ्याची किंवा भावाची वाट पाहायची गरज उरली नाही. ही गोष्ट आपल्या गटांनी नीट ऐकावी. तिथे एकेकटीला धाडस करावं लागलं नाही. सगळ्या मिळून रस्त्यावर आल्या, म्हणून हसणारे गप्प झाले.

आता आपल्या महाराष्ट्राची लेक. पुण्यात वाढलेली वेदांगी कुलकर्णी इंग्लंडमध्ये क्रीडा व्यवस्थापन शिकत होती. २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, ती ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सायकलवर एकटी निघाली. चौदा देश, सुमारे २९ हजार किलोमीटर, १५९ दिवस. डिसेंबरात ती कोलकात्याला पोचली. मधले समुद्र अर्थात विमानानं ओलांडले. आकडा मोठा आहे, म्हणून आपल्या रस्त्यावर मोजू. अमरावती ते अकोला धरा शंभर किलोमीटर. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, अकोला. हाच तो रस्ता, ज्यावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला. वेदांगीचा प्रवास म्हणजे या रस्त्यानं १४५ वेळा जाऊन-येऊन. दिवसाची सरासरी १८० किलोमीटरच्या वर, म्हणजे रोज अकोल्याला जाऊन जवळजवळ परत अमरावतीला.

वाटेत कॅनडात अस्वल मागे लागलं. स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून तिला लुटलं. रशियात बर्फात एकटीनं रात्री काढल्या. भारतीय पासपोर्टमुळे देशोदेशीच्या व्हिसाची कटकट निराळीच. सगळ्यात वेगवान बाईचा मान त्याच वर्षी स्कॉटलंडच्या जेनी ग्रॅहमनं १२४ दिवसांत मिळवला. वेदांगीला तो मिळाला नाही, पण तिनं फेरी सोडली नाही. एकटी गेली म्हणून संकट टळलं नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. पण लुटल्यानंतर ती पुन्हा सायकलवर बसली. तेवढी उमेद यायला आधी तयारी लागते, घरच्यांचा भरवसा लागतो आणि लांबी हळूहळू वाढवत न्यावी लागते.

कोणी म्हणेल, ती शहरातली, शिकलेली. मग आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशाकडे बघा. राजगढ जिल्ह्यातल्या खेड्यातली आशा मालवीय. घरी मजुरी करणारी आई. १ नोव्हेंबर २०२२ ला ती भोपाळहून सायकलवर एकटी निघाली. देशातली अठ्ठावीस राज्यं फिरायची आणि हा देश बाईसाठी सुरक्षित आहे हे सांगायचं, असा तिचा उद्देश. तिचं म्हणणं पटो न पटो, गावागावांतून एकटी मुलगी सायकलवर जाताना लोकांनी पाहिली.

तर मैत्रिणींनो, आपल्या पोरीला जग फिरायचं नाही. तिला फाट्यापलीकडच्या शाळेत जायचं आहे. पहिल्या दिवशी एक पोरगी सायकलवर निघाली तर ती एकटी असते. महिन्यानं पाच निघाल्या तर त्यांचा जथा होतो. रस्ता सुरक्षित करायला पोलीस, दिवे, वेळेवर बस हे सगळं हवंच, ते आपण ग्रामसभेत मागायचंच. पण रस्त्यावर बायाच नसतील, तर तो रस्ता बायांचा होणार कसा?

गटानं काय करता येईल? एक, मानव विकास कार्यक्रमात निवडलेल्या तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. लांबच्या मुलींसाठी त्याच कार्यक्रमाची निळी बस आहे. आपला तालुका त्यात आहे का, आपल्या पोरीचं नाव यादीत गेलं का, हे शाळा सुरू होताच मुख्याध्यापकांना विचारा. दोन, सायकल मिळूनही पोरीला चालवता येत नसेल, तर ती शेवटी भावाकडे जाते. म्हणून रविवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर शिकण्याचा वर्ग घ्या. गावातल्या दोन जुन्या सायकली पुरतात. तीन, पान्हा, पंप, पंक्चरचं सामान गटाच्या पैशातून एकदाच घ्या आणि पोरींना पंक्चर काढायला शिकवा. वाटेत हवा गेली तर ती कोणाची वाट पाहत उभी राहायला नको. चार, एकाच शाळेत जाणाऱ्या पोरींची वेळ जुळवा, म्हणजे त्या सोबत निघतील, सोबत येतील.

आणि पाचवी गोष्ट आयांसाठी. पोरी शिकतील तेव्हा तुम्हीही शिका. पुदुकोट्टईच्या बाया तिशी-चाळिशीत शिकल्या होत्या. पदर खोचा, साखळीला झाकण आहे ना बघा, मागे एकजण धरायला ठेवा. दोन-चार दिवस गुडघे फुटतील.

पुढच्या मासिक बैठकीत बचतीचा हिशेब झाला, की हा विषय घ्या. तुमच्या गावातल्या किती पोरी सातवीनंतर घरी बसल्या, त्यांची नावं लिहून काढा आणि त्यातल्या कोणाचं घर शाळेपासून सायकलीच्या अंतरावर आहे, ते बघा. तिच्या आईशी आधी बोलू. येतो मग. नमस्कार.