घरच्या चौकटीतील व्यायामाची परंपरा

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशभरातील शाळा बंद झाल्या आणि पाहता पाहता वर्ग मोबाईलच्या पडद्यावर भरू लागले. गणित, भाषा, विज्ञान हे विषय कमीअधिक प्रमाणात घरापर्यंत पोहोचले. मात्र शाळेत मुलांची जी हालचाल आपोआप होत असे, तिची नोंद कोणत्याही वेळापत्रकात नव्हती. दप्तर घेऊन चालत येणे, जिने चढणे, मधल्या सुट्टीतील पळापळ हे सारे एकाएकी थांबले. शाळा मुलांच्या शरीरासाठी काय करत होती, हे तिचे फाटक बंद झाल्यावरच अनेकांच्या ध्यानी आले.

जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘प्रज्ञाता’ या नावाने ऑनलाइन शिक्षणाच्या मार्गदर्शक सूचना दिल्या. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच तासिका असाव्यात, असे त्यांत म्हटले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल आवश्यक असल्याचे सांगितले. पडद्यासमोरच्या वेळेला मर्यादा आखली गेली. पण उरलेल्या वेळात त्या ६० मिनिटांसाठी दोन खोल्यांच्या घरात जागा कोठून आणावी, हा प्रश्न पालकांपुढे राहिलाच.

त्याचे एक उत्तर मराठी व्यायामपरंपरेने पूर्वीच शोधले होते. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा आयुष्यभर पुरस्कार केला आणि आपल्या संस्थानातील शाळांतून तो रुजवला. नमस्कार स्त्रियांनी व मुलांनीही घालावेत, असा त्यांचा आग्रह होता. या विषयावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. नमस्काराला आखाडा लागत नाही, साधन लागत नाही. अंगाच्या लांबीएवढी जमीन पुरते. बडोद्यात द. चिं. मुजुमदार यांनी अनेक खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत सिद्ध केला. महाराष्ट्राबाहेर राहूनही मराठी समाजाने व्यायामविद्येला दिलेली ही मोठी देणगी होय.

मुलींची परंपरा याहून वेगळी आहे. मंगळागौरीच्या जागरणातील फुगडी, झिम्मा, पिंगा हे खेळ प्रामुख्याने घराच्या चौकातच खेळले गेले. ज्या काळी मुलींना मैदान मोकळे नव्हते, त्या काळी दम लागेपर्यंत खेळण्याची मुभा त्यांना याच खेळांनी दिली. घरात कोंडलेल्या शरीराची गरज त्या पिढ्यांनी सणाच्या निमित्ताने ओळखली होती.

२१ जून २०२० रोजीचा आंतरराष्ट्रीय योग दिन ‘घरी योग, कुटुंबासमवेत योग’ या सूत्रावर साजरा झाला. त्या काळात कुठे क्रीडाशिक्षकांनी पडद्यावरून कवायत घेतली, कुठे आजोबा नातवंडांबरोबर नमस्कार घालू लागले, कुठे गच्चीवर दोरीच्या उड्या सुरू झाल्या. परंतु ज्या घरांत गच्ची नव्हती, एकच खोली होती आणि एकच मोबाईल तीन भावंडांत फिरत होता, तेथे ही सोय पोहोचली नाही. अशा मुलांसाठी शाळेचे मैदान हीच एकमेव मोकळी जागा होती.

त्या काळाचा बोध दुहेरी आहे. ठरलेली वेळ, चार हात जागा आणि सोबतीला घरातील एखादे मोठे माणूस, एवढ्यावर घरचा व्यायाम टिकतो. साधनांवाचून तो अडत नाही. आणि मैदानाची उणीव घर पूर्णपणे भरून काढू शकत नाही. शाळा पुन्हा उघडल्या, मागे पडलेला अभ्यासक्रम भरून काढण्याची घाई सुरू झाली. परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी खेळाचीच तासिका दुसऱ्या विषयाला दिली जाते, ही जुनी रीत त्या घाईत सहज परत येऊ शकते. ज्या पिढीने मैदानावाचून दीर्घ काळ काढला, तिच्या शाळेत तरी ती तासिका अबाधित राहिली पाहिजे.