योग्य खेळणी कोणती?

1948 सालच्या फॅक्टरी कायद्याने, पन्नासांहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवण्याची सक्ती केली. 1976 साली ही मर्यादा तीसवर आली. या कायद्याखाली अनेक राज्यांनी जे नियम केले त्यांत पाळणे व अंथरूण यांच्या जोडीला, जरा मोठ्या मुलांसाठी पुरेशी व योग्य खेळणी असावीत, असेही लिहिले गेले. पाळणे मोजता येतात. ‘योग्य’ या शब्दाचे माप मात्र कोणते? त्यासाठी आम्हांला इतिहासाकडे वळावे लागते.

जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल याने 1837 साली ब्लांकेनबुर्ग गावी मुलांच्या खेळाची साधने बनविण्यास आरंभ केला, आणि 1840 साली आपल्या संस्थेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. त्याच्या ‘देणग्या’ अगदी साध्या होत्या: लोकरीचे चेंडू, लाकडी गोळा, घन व नळकांडे, आणि आठ लहान ठोकळ्यांत सुटणारा एक मोठा ठोकळा. त्या आठांची घटकेत खुर्ची होते, घटकेत पूल. चावीची मोटार चावी संपली की थांबते. ठोकळ्याचा खेळ मुलाची कल्पना चालेल तोवर चालतो.

अशा निरुपद्रवी ठोकळ्यांचेही प्रशियाच्या सरकारला भय वाटले! पुतण्याचे लिखाण काकाच्या माथी मारून, नास्तिकपणा व समाजवाद यांचा ठपका ठेवून, 1851 साली या शाळांवर बंदी आली. फ्रोबेल 1852 साली वारला. बंदी उठली 1860 साली.

आपल्याकडे प्रश्न वेगळा होता, तो पैशाचा. मॉन्टेसरी पद्धतीची तयार साधने गरिबाच्या आवाक्याबाहेरची. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांत गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. शिंपले, खडे, बिया, पाने हीच तेथली साधने झाली. खेळण्याची योग्यता किमतीवर ठरत नाही, हे या दोघींनी करून दाखविले.

कायदे बदलतात, कलमांचे आकडे बदलतात. पण आई पाळीवर असते तेव्हा मुलाचे आठ तास कसे जातात, हा प्रश्न बदलत नाही. म्हणून आमचे कमिटीच्या सभासदांना सांगणे आहे: पाळणाघर पाहावयास जाल तेव्हा कपाटात काचेआड मांडलेली बाहुली पाहून परत फिरू नका. मुलांच्या हातांत काय आहे ते पाहा. त्या एका वस्तूच्या किती वस्तू होतात ते विचारा. तोंडात घालण्याच्या वयाच्या मुलाजवळ बिया-खडे नकोत. त्याला मोठे गुळगुळीत ठोकळे आणि कापडी चेंडू द्या. मजुराच्या मुलाला भाकरीइतकाच कल्पनेचाही हक्क आहे, आणि तो मागून घेतला पाहिजे.